एकाच रानाची शार्डोने: वाचकांचे प्रश्न

प्रश्न : पुतण्याने पुण्याहून शार्डोने नावाच्या वाईनची बाटली आणली. तिच्यावर ‘सिंगल व्हिनयार्ड’ असं छापलंय. त्याचा अर्थ काय? माझी तीन एकर थॉमसन द्राक्षाची बाग आहे. त्यातल्या अर्ध्या एकरात ही जात लावून बघावी का?
(एक बागायतदार, मणेराजुरी)

उत्तर : सिंगल व्हिनयार्ड म्हणजे एकाच रानातल्या द्राक्षांची वाईन. पाच गावांचा माल एका टाकीत आला की एका बागेत कमी पडलेलं दुसरीनं भरून काढता येतं. एकाच रानाची वाईन करायची म्हटली की ही सोय गेली. त्या वर्षी त्या रानानं जे सोसलं ते सगळं बाटलीत उतरतं. अमेरिकेत बागेचं नाव छापायचं असेल तर 95 टक्के द्राक्षं त्याच बागेतली लागतात. शार्डोने ही पांढऱ्या वाईनच्या द्राक्षाची जात, तिचं माहेर फ्रान्समधलं बर्गंडी. तिथलं मोंत्राशे हे नावाजलेलं रान जेमतेम 8 हेक्टरचं, म्हणजे आपले 20 एकर, आणि त्याला डझनापेक्षा जास्त मालक आहेत. बांधापलीकडच्या रानाची वाईन वेगळ्या नावानं आणि वेगळ्या भावानं जाते.

रानाचा फरक शार्डोनेत इतका का कळावा? कारण तिला स्वतःचा असा ठसठशीत वास नाही. मस्कत जातीच्या द्राक्षाचा मणी चावला की डोळे मिटूनही ओळखू येतो, शार्डोनेचा येत नाही. त्यामुळे जमीन, हवा आणि करणाऱ्याचा हात तिच्यात लपत नाहीत.

हे मी वाचून सांगत नाही. माझे वडील सावळजला थॉमसन करायचे. फेब्रुवारी लागला की रोज सकाळी घडाच्या शेंड्याचा मणी तोंडात टाकून ‘गोडी भरली का’ बघायचे. तेच बघत मी मोठी झाले आणि पुढे जिल्ह्यातल्या एका वायनरीच्या प्रयोगशाळेत 13 हंगाम काढले. पहिल्या दिवशी मी गोडी मोजायचा रिफ्रॅक्टोमीटर हातात घेतला, तर वरिष्ठ म्हणाले, ‘गोडी नंतर, आधी आंबटपणा मोज.’ आपल्याकडच्या प्रत्येक बागायतदाराला मला हीच गोष्ट सांगायची असते. आपण पिढ्यान्‌पिढ्या गोडी भरायची वाट बघत आलो. शार्डोनेला आंबटपणा उतरायच्या आत गाठावं लागतं. 22-23 ब्रिक्सची (ब्रिक्स म्हणजे रसातल्या साखरेचं माप) गोडी आपल्या उन्हात सहज मिळते, पण त्याच उन्हात मण्याला आंबट करणारं मॅलिक आम्ल झपाट्यानं जळून जातं. लिटरमागे 17 ग्रॅम साखरेतून साधारण 1 टक्का अल्कोहोल होतं, म्हणजे त्या गोडीत 13 टक्क्यांच्या आसपासची वाईन निघते. आंबटपणा मात्र लिटरला 6-7 ग्रॅम राहिला नाही तर वाईन लुळी पडते.

एका हंगामात आम्ही एकाच शेतकऱ्याच्या शार्डोनेचे दोन तुकडे वेगळे तोडले. वरचा मुरमाड, खालचा ओढ्याकाठचा काळ्या जमिनीचा. ज्यावर कलम बांधतात तो खुंट दोन्हीकडे डॉगरिज जातीचा, छाटणी एकाच दिवशी. रस 20 लिटरच्या काचेच्या दोन बरण्यांत वेगवेगळा आंबवला. वरच्या तुकड्यात पाणी थांबत नव्हतं, वाढ आटोपशीर होती, मणी बारीक होते. त्याच्या वाईनला कैरीच्या सालीसारखी धार आली. खालच्या तुकड्यात पाला फार, घड सावलीत आणि रसाचा पीएच चढलेला, म्हणजे आंबटपणा उतरलेला. ती वाईन आधी पिकल्या केळ्यासारखी गोड वासाची लागली, पण दिवाळीपर्यंत तिच्यात काही उरलं नाही. लोक म्हणतात वाईनला मातीची चव येते. माझ्या मते मुळं दगडाची चव वर आणत नाहीत. जमीन पाणी किती धरते आणि वेल किती माजतो, त्यावर सगळं ठरतं. दोन्ही रस एका टाकीत ओतले असते तर हे कधीच कळलं नसतं.

आता लावायचं म्हणाल तर आपल्याकडे एक गोष्ट बर्गंडीपेक्षा सोपी आहे. तिथं वेलाचे डोळे कधी फुटणार हे वसंत ठरवतो, आणि शार्डोने लवकर फुटते म्हणून हिमात कोंब जळतात. एप्रिल 2021 मध्ये तसंच झालं. आपण मात्र फळछाटणीची तारीख स्वतः ठरवतो. सप्टेंबरमध्ये छाटली तर पिकण्याचा काळ जानेवारीच्या थंड रात्रींत येतो आणि आंबटपणा टिकतो. पण परतीच्या पावसात कोवळ्या फुटीवर डाऊनी (केवडा) रोग येतो, हेही तुम्हाला ठाऊक आहे. घड बारीक आणि गच्च असतो, साल पातळ असते, म्हणून अवकाळी पावसात आतून कूज धरते. मणी फुगवणाऱ्या जीएची (जिबरेलिक अ‍ॅसिडची) बुडवणी इथं नको, मणी फुगवायचाच नाही. एकरी 4-5 टनांवर माल धरायचा नाही. थॉमसनचा हिशेब इथं लावू नका.

तोडणी पहाटे, घड क्रेटमध्ये, दुपारच्या आत प्रेसमध्ये. अख्खे घडच हलक्या दाबानं पिळतात, म्हणजे देठा-सालीचा कडवटपणा उतरत नाही. रस रात्रभर थंडीत निवळू देतात आणि मग यीस्ट घालतात. पुढचा निर्णय मोठा असतो. बर्गंडीत 228 लिटरच्या ओकच्या पिंपात आंबवतात आणि नंतर जिवाणूंकडून मॅलिक आम्लाचं सौम्य लॅक्टिक आम्ल होऊ देतात. त्यातून डायअ‍ॅसिटिल तयार होतं, लोण्याचा वास येतो तो त्याचा. तिथं आंबटपणा भरपूर म्हणून ते परवडतं. आपल्याकडे मॅलिक आधीच कमी, म्हणून मी तरी वाईन गार ठेवून, गंधकाची मात्रा देऊन ही क्रिया रोखावी या मताची. भरीवपणा हवा असेल तर तळातला मेलेल्या यीस्टचा गाळ आठवड्यातून एकदा हलवत राहावा, त्याचा गुण उतरतो. नवीन ओक फार वापरला तर रानाच्या जागी लाकूडच चाखायला मिळतं.

शेवटी तुमच्या अर्ध्या एकराबद्दल. हातात लेखी करार असल्याशिवाय एकही काडी लावू नका. 2008 नंतर वाईनचा बाजार पडला तेव्हा आमच्या घरानं हे सोसलंय. वडिलांनी दीड एकर वाईन द्राक्ष केलं होतं. ज्यांनी उचलायचा शब्द दिला होता त्यांनी हंगामात फोन उचलला नाही. बीचं बारीक द्राक्ष खायला कुणी घेत नाही आणि बेदाणाही होत नाही. घड वेलावर सुकले आणि वडिलांनी जूनमध्ये कुऱ्हाड लावली. तो आवाज मी आजही विसरलेले नाही. करारात भाव ब्रिक्सवर असतो, पण तुम्ही पीएच आणि आम्लाची नोंदही लिहून घ्या, आणि तोडणीची तारीख कोण ठरवणार तेही.

प्रश्न : शार्डोने चाखायची कशी? आम्ही मटणाच्या रश्श्याबरोबर घेतली, कडू लागली.
(विश्रामबाग, सांगली)

उत्तर : दोष वाईनचा नाही. तिखटानं अल्कोहोलची जळजळ वाढते आणि ओकचा कडवटपणा पुढे येतो. फ्रीजमधून काढून वीसेक मिनिटं ठेवा, 10 ते 12 अंश पुरे. अगदी बर्फगार वाईनला वासच येत नाही. पेला तोंडाशी निमुळता असू द्या आणि तिसरा हिस्साच भरा. आधी न हलवता वास घ्या, मग हलवून. हिरवं सफरचंद, लिंबाची साल असे वास आले तर द्राक्ष वेळेवर तोडलंय, पिकलं अननस आणि केळं आलं तर ऊन जास्त लागलंय. लोणी, भाजलेला पाव, नारळ हे करणाऱ्याच्या हातातून येतात. घोट गिळल्यावर जिभेच्या कडांना पाणी सुटतं का आणि किती वेळ टिकतं, हे मोजा. मी सगळ्यात आधी तेच बघते. बरोबर तूप-वरण-भात, लोणी लावलेलं धपाटं किंवा कमी मसाल्याचं तव्यावरचं पापलेट करून बघा.

प्रश्न : बाटलीच्या तळाशी काचेच्या चुऱ्यासारखे खडे दिसतात. टाकून द्यावी का?
(तासगाव)

उत्तर : मुळीच टाकू नका. द्राक्षातलं टार्टरिक आम्ल थंडीत पोटॅशियमबरोबर खडे धरतं. चमचाभर वाईन तळात राहू द्या, बाकीची सावकाश ओता.