पोलिसांच्या गोळीत माणूस गेला तर "तपास चालू आहे" या उत्तरावर गप्प बसायचं का?

तुम्ही विचारलंय की पोलिसांच्या गोळीबारात माणूस मेला तरी पोलीस "तपास चालू आहे" एवढंच बोलतात, मग आपल्यासारख्यांना काही विचारायचा हक्क आहे की नाही. आहे, आणि बराच आहे. मी रत्नागिरी जिल्ह्यातला, लोकांचे माहिती अधिकाराचे अर्ज लिहून देतो, त्यामुळे हे उत्तर मी बऱ्याच कागदांवर वाचलंय.

आमच्याकडे हा विषय निघाला की नाटेच आठवतं. 18 एप्रिल 2011, जैतापूर अणुप्रकल्पाविरुद्ध आंदोलन पेटलेलं आणि साखरी नाटेत पोलिसांच्या गोळीबारात एक मच्छीमार तरुण गेला. पोलीस म्हणाले जमाव पोलीस स्टेशनवर चालून आला, गोळी चालवण्याची गरज होती हे गावाला पटेना. अशा वेळी पहिल्या दिवशी पेपरात येते ती पोलिसांची प्रेस नोट, आणि पुढे वर्षानुवर्षं लोक तीच खरी धरून चालतात, कारण दुसरा कागदच कोणी बाहेर काढलेला नसतो. माझा सगळा राग त्यावर आहे.

आता कायदा बघा. चकमकीतल्या मृत्यूंसाठी सुप्रीम कोर्टाने 23 सप्टेंबर 2014 ला 16 मुद्द्यांची नियमावली दिली, आणि ती केस आपल्याच महाराष्ट्राची, मुंबईतल्या 1995 ते 97 मधल्या चकमकींवरून उभी राहिलेली. त्यात स्पष्ट आहे की एफआयआर झालाच पाहिजे, तपास सीआयडीने किंवा दुसऱ्या पोलीस स्टेशनच्या टीमने वरिष्ठांच्या देखरेखीखाली करायचा, गोळी झाडणाऱ्याने शस्त्र तपासणीसाठी जमा करायचं, दंडाधिकारी चौकशी व्हायची, नातेवाईकांना लवकरात लवकर कळवायचं आणि लगेच बढती, शौर्यपदक वगैरे काही द्यायचं नाही. आणि बरोबर दहा वर्षांनी, 23 सप्टेंबर 2024 ला, बदलापूरच्या शाळेत लहान मुलींवर अत्याचार केल्याच्या प्रकरणातला आरोपी पोलिसांच्या गाडीत, मुंब्र्याजवळ गोळी लागून मेला. त्याच्यावरचा आरोप भयंकर होता, लोकांनी पेढे वाटले, पण दंडाधिकाऱ्यांच्या चौकशीत पोलिसांवर ठपका आला आणि तरीही एफआयआरसाठी हायकोर्टाला एप्रिल 2025 मध्ये आदेश द्यावा लागला. नियम कागदावर दहा वर्षं होते ना!

एक गोष्ट नीट बघत जा, एफआयआर झालाय एवढं ऐकून समाधान मानू नका. बऱ्याचदा त्यात फिर्यादी पोलीस असतात आणि आरोपी मेलेला माणूस. गोळी झाडणाऱ्याबद्दल त्यात एक ओळ नसते. म्हणून एफआयआर कोणावर आहे ते आधी वाचा. 2016 च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालानुसार संवेदनशील गुन्हे सोडून बाकी एफआयआर 24 तासात वेबसाईटवर टाकायचे असतात, नाही सापडला तर तसं लेखी विचारा.

माहिती अधिकारात "गोळी का झाडली" असं विचारूच नका, त्याला उत्तर मिळत नाही, कागद मागा. त्या दिवशीची स्टेशन डायरी (पोलीस स्टेशनातली रोजच्या घडामोडींची नोंदवही), शस्त्र आणि काडतुसं दिल्या-घेतल्याची नोंद, गोळीबाराचा आदेश लेखी असेल तर त्याची प्रत, दंडाधिकारी चौकशीचा आदेश. नकार येईल तो कलम 8(1)(एच) खाली, तपासाला अडथळा होईल म्हणून. दिल्ली हायकोर्टाने 2007 मध्येच सांगितलंय की तपास चालू आहे एवढं कारण पुरत नाही, अडथळा नक्की कसा होतो ते अधिकाऱ्याने दाखवायला पाहिजे. हे वाक्य पहिल्या अपिलात लिहा, नकार मिळाल्यापासून 30 दिवसात. साक्षीदाराचं नाव किंवा खबऱ्याची माहिती झाकायची तर झाकू देत, त्यांच्या जिवाचा प्रश्न असतो आणि तेवढी गुप्तता मला मान्यच आहे, पण कलम 10 प्रमाणे तेवढा भाग काळा करून बाकी कागद द्यायला लागतो.

आणि सगळ्यात जास्त हुकतं ते दंडाधिकारी चौकशीत. प्रांत ऑफिसकडून (प्रांत म्हणजे उपविभागीय दंडाधिकारी) जाहीर नोटीस निघते की ज्यांना काही माहिती आहे त्यांनी अमुक तारखेपर्यंत येऊन जबाब द्यावा, ती पेपरच्या कोपऱ्यात नाहीतर ऑफिसच्या बोर्डावर असते, आणि आपल्याकडचे लोक तेव्हा समुद्रावर किंवा मुंबईला, मग चौकशीत जबाब फक्त पोलिसांचे. तुमच्या गावात असं काही झालं असेल तर आजच प्रांत ऑफिसात जाऊन नोटीस निघाली का ते विचारा, ज्याने डोळ्याने बघितलंय त्याला सोबत घ्या, जबाब लेखी द्या आणि दुसऱ्या प्रतीवर आवकचा शिक्का मारून घ्या. मोबाईलमध्ये व्हिडिओ असेल तर फाईल तशीच ठेवा, व्हॉट्सॲपवरून फिरवलेली प्रत नको, आणि नातेवाईकांच्या हाताने मानवी हक्क आयोगाकडे अर्जही त्याच आठवड्यात टाका.