अकरा वर्षांत न वाजलेली बेल

पत्र: “मी ६८ वर्षांची निवृत्त शिक्षिका. पुण्यात एका जुन्या तीन मजली इमारतीत मुलगा, सून आणि दीड वर्षाच्या नातवासोबत राहते. दिवाळीत कचरा न्यायला येणाऱ्या ‘स्वच्छ’ संस्थेच्या बाईने पोस्त मागितली. मी म्हटलं, ‘अगं, महिन्याचे पैसे घेतेस, वर पालिकेचा पगार, आता पोस्त कसली?’ एवढंच. सून आतून आली आणि शेजारच्या वहिनींसमोर म्हणाली, ‘आई, त्यांच्याशी नीट बोला, त्या तुमच्या नोकर नाहीत.’ वर त्या बाईला ‘सॉरी ताई’ म्हणत दोनशे रुपये दिले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी आयुष्यात कुणाचा अपमान केलेला नाही. या बाईशीही कधी वाद झाला नाही. ती स्वतःच इतकी समजूतदार की अकरा वर्षांत आमच्या बेलला तिने हात लावलेला नाही. जिन्यात बादली वाजवते, आम्ही दार उघडतो. महिना झाला, सुनेशी मी कामापुरतंच बोलते. मुलगा म्हणतो, विषय सोड. सुनेने माझी माफी मागावी ही अपेक्षा चूक आहे का?”

ताई,

तुमच्या पत्रात सून ओळीओळीत आहे. बेल एकदाच आहे, तीही कौतुकाच्या वाक्यात. मी तिथेच अडकले आणि पुढचं पत्र मला दोनदा वाचावं लागलं, कारण पहिल्यांदा डोक्यात शिरलंच नाही.

तुमच्या दाराशी कोण कोण येतं ते जरा आठवा. गॅसचा सिलिंडर आणणारा, इस्त्रीचे कपडे नेणारा, पेपरचं बिल मागायला येणारा मुलगा, कुरियरवाला, रात्री दहाला पार्सल घेऊन येणारा. सगळे बेल वाजवतात. त्यांच्यातल्या एकालाही तुम्ही कधी असमंजस म्हटलं नसेल. मग बेल न वाजवणं हा या एकाच बाईचा सद्गुण कसा झाला? करोनापासूनची सवय असेल असंही म्हणता येणार नाही, कारण अकरा वर्षं हा आकडा तुमचाच आहे. २०२० च्या आधीपासून ती जिन्यात बादली वाजवते आहे.

बेलच्या बटणाला हात लावू नये असं कुणालाही जन्मतः कळत नाही. तुमच्या घरी तिला कुणी तसं सांगितलं असेल असं मी म्हणत नाही. कदाचित खालच्या मजल्यावर कुणी तरी खेकसलं असेल, कदाचित दुसऱ्याच सोसायटीत कुणी तिच्यादेखत बटण फडक्याने पुसलं असेल. असं एकदा झालं की माणूस पुन्हा बटणाकडे बोट नेत नाही, कुठल्याच दाराशी. तुम्ही त्याला समज म्हणता. मला त्यात तिने गिळलेला अपमान दिसतो. तो अकरा वर्षं रोज सकाळी तुमच्या उंबऱ्याबाहेर उभा राहतो आणि तुम्हाला तो सोयीचा वाटत आला.

मी लहान होते तेव्हा आमच्या वाड्यामागे एक बोळ होती. टोपलीचे संडास होते आणि ते साफ करायला येणारी बाई त्या बोळीतूनच यायची. पुढच्या दाराने आलेली मी तिला कधी पाहिली नाही. महिन्याचे पैसे आजी तिच्या हातात ठेवत नसे, वरून सोडायची. ती ओंजळ पुढे करायची. आजी प्रेमळ होती, सणाला तिला पुरणपोळी काढून ठेवायची, ‘अपमान’ हा शब्द तिच्या गावीही नव्हता. तीही तुमच्यासारखंच म्हणाली असती की मी कुणाचा अपमान केलेला नाही. मी हे तुम्हाला टोचावं म्हणून लिहीत नाही. ती ओंजळ मला अजून दिसते म्हणून लिहिते आहे.

आणि ताई, तुम्ही पुण्यात राहता. याच शहरात १८६८ साली महात्मा फुल्यांनी आपल्या घरचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला. याच शहरातल्या बाबा आढावांनी ‘एक गाव एक पाणवठा’ म्हणत गावोगावी सभा घेतल्या. शिक्षिका म्हणून हौदाचा धडा तुम्ही वर्गात शिकवला असणार, मुलांकडून त्यावर उत्तरंही लिहून घेतली असणार. तुमच्या दाराबाहेरची बेल त्याच धड्यातली आहे.

आता पगाराचं. कचरा गोळा करणाऱ्या ‘स्वच्छ’च्या बायकांना पालिका दरमहा पगार देत नाही. त्यांची कमाई म्हणजे घराघरातून मिळणारं महिन्याचं शुल्क आणि सुक्या कचऱ्यातून निवडून विकलेल्या पुठ्ठा, प्लास्टिक, काच, पत्र्याचे पैसे. कुणी महिनाभर गावाला गेलं आणि पैसे बुडवले, की तेवढी कमाई गेली. कचरावेचकांनी १९९३ साली पुण्यात कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी केली, कचऱ्याचे ढिगारे उपसणाऱ्या बायकांनी स्वतःला कामगार म्हणवून घेतलं, आणि त्यातूनच पुढे ‘स्वच्छ’ ही त्यांची सहकारी संस्था निघाली. म्हणून ती तुमची नोकर नाही हे सुनेचं वाक्य शब्दशः खरं आहे. चारचौघांत ऐकावं लागलं म्हणून ते खोटं ठरत नाही.

बेलचा एक साधा हिशेबही आहे, तो कुणी करत नाही. एका बाईकडे दीडशे दारं धरा. प्रत्येक दाराशी बादली वाजवून, कुणाला ऐकू जाईल म्हणून अर्धा मिनिट जास्त थांबायचं, तर रोजचा सव्वा तास नुसत्या वाट पाहण्यात जातो. तुमच्याकडे टीव्ही चालू असला, कुकरची शिट्टी झाली, नातू रडत असला, की पुन्हा बादली, पुन्हा थांबणं. तिकडे कचरा पुढे नेणारी पालिकेची गाडी तिच्यासाठी थांबत नाही. गाडी चुकली तर तो ढीग सांभाळायचा तिनेच. एक बटण दाबायला एक क्षण लागतो, आणि तुमच्या घरातल्या सगळ्यांना ती बेल ऐकू येते.

‘अगं’वरून तुमच्या घरात एवढं महाभारत झालं, त्यात मला फारसा रस नाही. मराठीत आपण आईलाही ‘अगं’ म्हणतो. खुपतं ते एवढंच की ती तुम्हाला ‘अहो आजी’ म्हणत असणार आणि तुम्ही तिला ‘अगं’. वयात तुमच्या दोघींत किती अंतर आहे, हे पत्रात कुठेच नाही. ‘अहो’ म्हणायला लागा, जीभ आठवडाभर अडखळेल, मग सरावेल.

सुनेविषयी तुम्ही विचारलंत. माफीची अपेक्षा चूक आहे, ती सोडा. पण तुमच्या सुनेची आरती ओवाळायलाही मी बसलेली नाही. घरात दीड वर्षाचं मूल आहे, म्हणजे डायपर असणार. ते कागदात नीट गुंडाळून, आत काय आहे ते कळावं म्हणून वर लाल ठिपका काढून वेगळे दिले जातात, की ओल्या कचऱ्याच्या बादलीत तसेच जातात? घनकचऱ्याच्या २०१६ च्या नियमांतही ते नीट गुंडाळून द्यायला सांगितलं होतं. ‘सॉरी ताई’ म्हणून दोनशे रुपये देणं सोपं. उघडा डायपर त्या ताईंच्या हाताला लागत असेल, तर त्या ‘ताई’चा तिला काय उपयोग? हा कागद सुनेला वाचायला द्या, पण स्वतःची बाजू वर काढायला नको. त्या दिवशी तुम्हाला लाज वाटली, ती शेजारच्या वहिनी बघत होत्या म्हणून. ती बाईही तिथेच उभी होती, तिला काय वाटलं याचा तुमच्या पत्रात एक शब्द नाही.

आता तुम्ही एवढं एकच काम करायचं आहे. उद्या सकाळी ती यायच्या आधी दार उघडून उभ्या राहा. ती जिना चढून आली की सांगा, “उद्यापासून बेल वाजवायची. अकरा वर्षं मी सांगायला हवं होतं, सांगितलं नाही, चुकलं माझं.” नेमके हेच शब्द, आणि ‘चुकलं माझं’ गाळायचं नाही. पोस्तीचे पैसे सुनेने दिले म्हणून तुमचे फिटले असं समजू नका. पाकिटात घालून हातात द्या. हातात म्हणजे तळहातावर, वरून सोडायचे नाहीत.

ती म्हणेल, “राहू द्या आजी, काय फरक पडतो.” परवा ती पुन्हा बादलीच वाजवेल. तिने विश्वास का ठेवावा? तुम्ही रोज सांगत राहा. चौथ्या-पाचव्या दिवशी तिचं बोट बटणापर्यंत जाईल आणि मागे येईल, असंही होईल. मग एक दिवस वाजेल. त्या दिवशी दार उघडायला सुनेला पाठवू नका. गुडघे दुखत असले तरी तुम्हीच उठा.