वाचक विचारतात : नव्या बसच्या चाचणीत काय पाहावं?

प्रश्न : लहानपणापासून मला एसटीचं वेड आहे. वळणापलीकडून आवाज आला तरी गाडी लेलँड की टाटा, ते सांगतो. ओळखीतून एका बॉडी बांधणाऱ्या कारखान्यानं नव्या बसच्या रस्त्यावरच्या चाचणीला यायची परवानगी दिली आहे. तिथे नेमकं काय पाहावं? आणि ही चाचणी झाली म्हणजे गाडी उलटली तरी प्रवासी सुरक्षित, असं समजायचं का?
– एक बसप्रेमी, कराड

उत्तर : दुसरा प्रश्न आधी घेतो. तसं समजू नका. उलटल्यावर सांगाडा टिकतो का, याचं मानक वेगळं आहे, एआयएस-०३१ (वाहन उद्योगासाठीचं भारतीय मानक). त्यात बस कलणाऱ्या फलाटावरून ८०० मिलिमीटर खाली आडवी पडू देतात आणि प्रवाशांभोवतीच्या ठरलेल्या जागेत सांगाड्याचा कुठलाही भाग घुसता कामा नये. ती परीक्षा त्या बनावटीची असते आणि मंजुरी भोसरीची सीआयआरटी किंवा एआरएआय अशा वाहनं तपासणाऱ्या संस्था देतात. तुम्ही पाहणार ती कारखान्याची स्वतःची तपासणी. समोरची ही एक गाडी नीट बांधली गेली आहे का, एवढंच तिथे बघतात.

आणि ते कानांनी कळतं. दापोडीच्या एसटीच्या मध्यवर्ती कार्यशाळेत बॉडी शॉपचा चार्जमन म्हणून मी निवृत्त झालो, त्या अनुभवावर सांगतो: ड्रायव्हरशेजारी बसायचा मोह आवरा, सगळ्यात मागच्या बाकावर बसा. मागच्या चाकांच्या मागे चॅसिसचा (इंजिन-चाकं जिला जोडलेली असतात त्या खालच्या चौकटीचा) जो भाग निघतो, तिथे हादरा सर्वांत जास्त. खराब रस्त्यावर एक चाक खड्ड्यात गेलं की चॅसिस पिळली जाते आणि तिच्याबरोबर बॉडीही. काच खडखडली तर तिच्या चॅनलमधलं रबर बघा. डोक्यावर कुरकुर आली तर सामानाचा रॅक. पायाखालून ठोका आला तर सीटचा बोल्ट, बॅटरीपेटीचं झाकण नाहीतर स्टेपनीची पकड. चांगला फिटर चालत्या गाडीत उठतो, ज्या पॅनलचा संशय आहे त्यावर तळहात दाबतो आणि आवाज थांबला की तिथे खडूनं फुली मारतो. त्या माणसाच्या मागेमागे राहा. मला आजही या कामाइतकं सुंदर काम दुसरं दिसत नाही.

मोकळ्या रस्त्यावर ब्रेक मारतील तेव्हा स्टेअरिंगकडे बघा, गाडी एका बाजूला ओढते का. वळणानंतर चाकं आपणहून सरळ व्हायला हवीत. परत आल्यावर चाकांच्या ब्रेक-ड्रमजवळ हात न्या (टेकवू नका): एकच ड्रम बाकीच्यांपेक्षा फार तापला असेल तर ब्रेक धरून बसतोय. चाकांचे नट आणि पाट्यांचे (स्प्रिंगांचे) यू-बोल्ट पहिल्या फेरीनंतर पुन्हा आवळतात का, हे जरूर पाहा. नवे भाग दबून बसतात, त्यामुळे सुरुवातीला आवळलेलं थोडं सैल पडतंच.

मग पाण्याची चाचणी, गाडी गळते का ते बघायला. काही ठिकाणी गाडी शॉवरखाली आधी नेतात आणि रस्त्यावर नंतर. माझ्या मते हे उलटं आहे. उभ्या गाडीत कोरडा राहिलेला सांधा पिळवटल्यावर उघडू शकतो, आणि कोकणात आषाढात चालायची गाडी तर रस्ता खाऊन आल्यावरच भिजवायला हवी. कारखान्यात त्यांचा क्रम कोणता आणि का, हे नम्रपणे विचारा. कारण सांगता आलं तर समजा, लोक विचार करून काम करतात.

पायात बूट घाला, सैल कपडे नकोत. फोटोआधी परवानगी घ्या, कारण इतर गिऱ्हाइकांच्या गाड्याही तिथे उभ्या असतात. आवारात नुसती चॅसिस दिसली, तर तिच्यावर बॉडी कुठे कुठे जोडतात ते दाखवायला सांगा. फिटर आनंदानं दाखवेल.