घरच्या आणि दवाखान्याच्या कामापुरतं इंग्रजी क्लास न लावता कसं शिकता येईल?

औषधांच्या डब्यापासून सुरुवात करा. गंमत करत नाहीये.

तुम्ही लिहिलंय की घणसोलीला राहता, 2003 साली मराठी माध्यमातून दहावी झालात, सासूबाईंना शुगर आहे, मुलगी इंग्रजी शाळेत दुसरीला आहे आणि क्लासला ना वेळ ना पैसे. मी वाशीला एका पॅथॉलॉजी लॅबच्या काउंटरवर बसते. कुणाचं कुठे अडतं ते रोज समोर दिसतं, आणि अडतं ते बोलण्यात कमी, कागदावर जास्त. आपल्या ठाणे-नवी मुंबईत बहुतेक डॉक्टर मराठीत नाहीतर हिंदीत बोलून घेतात. पण चिठ्ठी, रिपोर्ट, फॉर्म, गोळ्यांची पट्टी, शाळेचा मेसेज, सगळं इंग्रजीत. म्हणून आधी वाचायचं. बोलणं मागून येतं. क्लासवाले नेमकं उलटं सांगतात, कारण त्यांना ‘तीस दिवसांत फाडफाड’ विकायचं असतं.

‘पाया कच्चा आहे’ हे मात्र डोक्यातून काढा. मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आलं ते 2000 साली, रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना. तुमची बॅच त्याआधीची, म्हणजे एबीसीडीच पाचवीला. सहा वर्षांत जेवढं व्हायचं तेवढं झालं.

आता डबा उघडा आणि सासूबाईंची चिठ्ठी शेजारी ठेवा. ओडी म्हणजे दिवसातून एकदा, बीडी म्हणजे दोनदा, टीडीएस म्हणजे तीनदा (पगारातून कापतात तो टीडीएस वेगळा). एचएस म्हणजे झोपताना, एसओएस म्हणजे त्रास झाला तरच. ही सगळी लॅटिनची लघुरूपं आहेत, त्यामुळे डिक्शनरीत शोधून हाती काही लागत नाही, सरळ पाठ करायची. 1-0-1 म्हणजे सकाळी एक, दुपारी नाही, रात्री एक. एक जागा फसवी आहे: बीएफ. कुणी ते जेवणाआधी या अर्थाने लिहितं, कुणी नाश्ता म्हणून. शुगरच्या गोळीला हा फरक महत्त्वाचा, तेव्हा मेडिकलवाल्याला विचारूनच घ्या: ‘बिफोर फूड ऑर आफ्टर फूड?’ पाच शब्दांचा पूर्ण प्रश्न आहे, व्याकरण शून्य. अक्षर लागत नसेल तर डॉक्टरांना पुन्हा लिहून मागायला लाजू नका. औषधाचं नाव वाचता येईल असं आणि शक्यतो कॅपिटल अक्षरांत लिहावं, असा मेडिकल कौन्सिलचा नियमच आहे, 2016 पासून.

मग मुलीच्या तापाच्या सिरपची बाटली घ्या. ‘शेक वेल बिफोर यूज’ हे सगळ्यांना येतं. त्याच्या वर बारीक अक्षरात ताकद लिहिलेली असते, तिथे कुणी बघत नाही. पॅरासिटामॉलच्या एका बाटलीवर 5 एमएलमध्ये 125 एमजी असतं, दुसरीवर 5 एमएलमध्येच 250. ‘ईच 5 एमएल कन्टेन्स’ हे वाक्य ज्या आईला वाचता येतं ती मागच्या वेळच्या मापाने नवीन बाटलीतलं औषध दुप्पट देणार नाही. ओआरएसचं पाकीटही वाचा: अख्खं पाकीट त्यावर लिहिलंय तेवढ्या पिण्याच्या पाण्यात (मोठ्या पाकिटाला एक लिटर) विरघळवा, 24 तासांत संपवा, उरलं तर टाकून द्या. डिझॉल्व्ह, यूज, डिस्कार्ड. सगळी आज्ञार्थी वाक्यं, क्रियापद पहिलं, कर्ता गायब. घरात दिवसभर आपण असंच बोलतो की, ‘ठेव’, ‘उचल’, ‘दार लाव’. इंग्रजीचा हा भाग सगळ्यात सोपा आणि पाकिटावर फुकट मिळतो.

बोलण्याचं म्हणाल तर आपली मराठी तीन ठिकाणी पाय अडकवते. पहिलं, ‘पासून’. आपण दोन दिवसांपासून ताप म्हणतो आणि सोमवारपासून ताप म्हणतो, दोन्हीकडे तेच. इंग्रजीत किती वेळ झाला ते मोजलं तर फॉर, कधी सुरू झालं ते सांगितलं तर सिन्स. फॉर टू डेज, सिन्स मंडे. ‘सिन्स टू डेज’ आपल्याकडे अर्धी ट्रेन म्हणते आणि डॉक्टरांना कळतंही, पण मुलगी शाळेत फॉर शिकून येते आणि घरी ऐकते सिन्स. दुसरं, ‘गोळी खाल्ली’. इंग्रजीत गोळी खात नाहीत, घेतात: शी टूक द टॅबलेट ॲट नाइन. तिसरं, ‘डोकं दुखतंय’चं ‘माय हेड इज पेनिंग’. त्यापेक्षा आय हॅव अ हेडेक. पोट, पाठ, दात, कान यांनाही हेच शेपूट लागतं: स्टमकेक, बॅकेक, टूथेक, इअरेक. गुडघ्याला आणि खांद्याला लागत नाही, तिथे नी पेन, पेन इन माय शोल्डर. का, ते विचारू नका, तसंच आहे.

दुखणं कसलं आहे, त्याचे शब्द वेगळे लागतात. ठणका मारतोय तर थ्रॉबिंग, जळजळतंय तर बर्निंग, पोटात मुरडा येतोय तर क्रॅम्प्स, हातापायाला मुंग्या येतात तर टिंगलिंग, मळमळतंय तर नॉशिया. शुगरच्या पेशंटला पायाला मुंग्या येणं ही डॉक्टरांना सांगण्याचीच गोष्ट आहे, त्यामुळे तुमच्या घरी तो शब्द लागेल. लूज मोशन इथे चालतं, परदेशातल्या नणंदेला फोनवर सांगाल तर डायरिया म्हणा.

आता नात्यांचं सांगते, कारण काउंटरवर सगळ्यात जास्त घोळ इथे होतो. फॉर्मवर ‘रिलेशनशिप विथ पेशंट’ असा रकाना असतो. सासूबाईंचा फॉर्म भरताना तुम्ही तिथे डॉटर-इन-लॉ. बायका हमखास मदर-इन-लॉ लिहितात, कारण मनात सासूच असते. रकाना विचारतोय की तुम्ही पेशंटच्या कोण. वहिनी, नणंद, जाऊ, मेहुणी या चौघी सिस्टर-इन-लॉमध्येच कोंबलेल्या आहेत, त्याला इलाज नाही.

त्याच्या खाली ‘फॅमिली हिस्टरी’. इथे एक काकू मला ठसक्यात म्हणाल्या, ‘लिही, सासऱ्यांना बीपी, सासूला शुगर, थोरल्या दिरांचं बायपास झालंय.’ फॉर्म काकूंचा स्वतःचा होता. म्हटलं, काकू, हे सगळं तुमच्या मुलांच्या फॉर्मवर लिहा, तुमच्यावर माहेरचं येतं. त्या दोन मिनिटं माझ्याकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, ‘म्हणजे लग्नाला पस्तीस वर्षं होऊनही इथे माहेरच?’ मागची रांग हसली. पण खरंच तसं आहे. फॅमिली हिस्टरी म्हणजे रक्ताचं नातं: आई, वडील, भावंडं. तुमच्या मुलीच्या फॉर्मवर सासूबाईंची शुगर जरूर येईल, तिथे त्या पॅटर्नल ग्रँडमदर. आणि तुमची आई मॅटर्नल.

रिपोर्ट वाचताना मधल्या परिच्छेदांत शिरू नका. सोनोग्राफी किंवा एक्स-रे असेल तर सरळ खाली ‘इम्प्रेशन’ शोधा, सार तिथे असतं. रक्ताच्या रिपोर्टमध्ये आकड्याशेजारी रेफरन्स रेंज छापलेली असते, आपला आकडा त्यात बसतो का बघा. फास्टिंग शुगर 100च्या आत असली तर नॉर्मल, 126 किंवा वर गेली तर डायबेटिसच्या हद्दीत. पण तो शिक्का डॉक्टरांनी मारायचा, आपण नाही. काही शब्द उलटे वाटतात. निगेटिव्ह आणि नॉन-रिॲक्टिव्ह बहुतेक वेळा चांगली बातमी असते. ‘अनरिमार्केबल’ म्हणजे लक्षात घेण्यासारखं काही सापडलं नाही, एवढंच. हा शब्द बघून रडवेली झालेली माणसं मी पाहिली आहेत. ‘कम फास्टिंग’ म्हणजे साधारण आठ ते दहा तास पोटात काही नको. साधं पाणी चालतं, चहा नाही, बिनसाखरेचाही नाही. वॉर्डात बेडवर एनबीएमची पाटी असेल तर मात्र पाणीसुद्धा विचारल्याशिवाय द्यायचं नाही: निल बाय माउथ.

शाळेच्या मेसेजला फार नटवू नका. ‘माय डॉटर हॅज हॅड फीव्हर सिन्स लास्ट नाइट. शी विल नॉट कम टु स्कूल टुडे.’ बास. ‘हॅज हॅड’ वाचायला तोतरं वाटतं, पण बरोबर आहे: काल सुरू झालं आणि अजून चालू आहे, म्हणून. ‘काइंडली डू द नीडफुल’ वगैरे ऑफिसवाल्यांना राहू द्या.

डॉक्टरकडे जाण्याआधी रात्री वहीत चार ओळी लिहून न्या: काय होतंय, कधीपासून, कोणती गोळी चालू आहे, कशाची ॲलर्जी. आधी मराठीत, खाली इंग्रजीत. जमेल तेवढंच, उरलेलं देवनागरीत. ट्रान्सहार्बर लोकलला बसायला मिळालं की मी अजूनही मनात वाक्यं जुळवते, घणसोली ते वाशी एक-दोन विषय होतात. सराव हवा तर मुलीला तुमची वही तपासायला द्या, मुलांना लाल पेन हातात मिळालं की आनंद असतो. पण तिच्याशी घरात मोडकं इंग्रजी बोलत बसू नका. ताप आल्यावर नेमकं काय होतंय ते तिला आधी मराठीत धड सांगता आलं पाहिजे.

आणि कुणाच्या छातीत कळ आली, कुणी बेशुद्ध पडलं, तर इंग्रजीची आठवणही काढू नका. 108 लावा, मराठीत बोला: पेशंटचं वय, काय झालं, सेक्टर, सोसायटीचं नाव, जवळची खूण. आणि फोन तुमचा तुम्ही कापू नका.