‘पुढे आहे एक’ : ट्रिपमधली भांडणं आणि कराडचा चार्जर

मे महिन्याची सुट्टी संपली की आणि दिवाळीनंतरचा पंधरवडा, या दोन सीझनला माझ्याकडे, म्हणजे समुपदेशनाला, एक ठराविक तक्रार येते. मॅडम, वर्षभर आमचं बरं चालतं हो, पण ट्रिपला गेलो की भांडण झाल्याशिवाय घरी येत नाही, असं का होतं? त्यात हल्ली एक जोड असते, की हा सगळीकडे त्याची गॅजेटं घेऊन येतो, कोणाचा ड्रोन, कोणाचा ॲक्शन कॅमेरा, कोणाचं नुसतं स्मार्टवॉच आणि त्यातली पावलं. खूप जणी विचारतात म्हणून एक केस सांगते. दोघांना विचारून सांगतेय, ओळख पटेल असे तपशील बदललेत. नावं देतच नाही, तो आणि ती एवढं पुरे.

पुण्यातलं कुटुंब. तो आयटीत, ती बँकेत, मुलगी चौदाची, मुलगा नऊचा, शिवाय त्याची आई. त्याला टेक्नॉलॉजीचं वेड आहे म्हणजे अगदी आहेच, घरातले दिवे मोबाईलवर, गीझर मोबाईलवर, आणि वॉलवरच्या स्विचवर सेलोटेप लावलेली, का तर कोणी चुकून बटण बंद केलं तर स्मार्ट बल्ब ऑफलाईन जातो. एकदा रस्ता खोदताना इंटरनेटची केबल तुटली आणि आजी संध्याकाळी बाथरूममध्ये अंधारात अडकल्या, आतून हाका मारतायत आणि हा बाहेरून राऊटर रीस्टार्ट करतोय. आजी माझ्यासमोर हे सांगताना हसत होत्या, सून हसत नव्हती.

तर दीड वर्षापूर्वी याने इलेक्ट्रिक गाडी घेतली. तिच्या वडलांचं म्हणणं होतं पेट्रोलची घ्या, तिचंही साधारण तेच होतं पण तिने फार ताणलं नाही. शहरात गाडी मस्त चालली. मग मे महिन्यात गणपतीपुळे ठरलं, पुणे-सातारा-कराड, तिथून मलकापूरवरून आंबा घाट उतरायचा. गाडीची बॅटरी चाळीस किलोवॅट अवरची, हायवेला एसी लावून पावणेतीनशे किलोमीटर देते, म्हणजे मध्ये एकदा चार्ज करायला लागणार होतं. याने एक्सेल शीट केलेली (मला दाखवली पण, चांगली होती खरंच). कराडला फास्ट चार्जर, जेवण होईपर्यंत गाडी ऐंशी टक्के, पुढे निवांत.

कराडला पोचले दुपारी दीडला. ॲपमध्ये चार्जर हिरवा दिसत होता, प्रत्यक्षात स्क्रीन काळी. जवळच्या दुसऱ्या चार्जरवर दोन गाड्या आधीच उभ्या, म्हणजे दीड-दोन तासांची निश्चिंती. गाडीत त्रेचाळीस टक्के शिल्लक. तिने विचारलं, काय झालं? हा म्हणाला, काही नाही, पुढे आहे एक.

पुढे काही नव्हतं.

पुढच्या शंभरेक किलोमीटरमध्ये काय झालं ते मला तीन वेगवेगळ्या लोकांकडून तीन प्रकारे ऐकायला मिळालं. एसी हळूच सत्तावीसवर गेला. गाडी साठच्या पुढे जाईना. मुलाने गाणी लावली तर बाबा खेकसला. आंबा घाट उतरताना ब्रेकिंगने थोडं चार्जिंग परत मिळतं, तसं मिळालं पण, पण उतारावर मिळून मिळणार किती, दोन-तीन टक्के. साखरप्याला गाडी नऊ टक्क्यांवर आली आणि गणपतीपुळे अजून साठ-सत्तर किलोमीटर, तेव्हा कुठे हा म्हणाला की थांबावं लागेल.

मग सुरू झाली सॉकेट शोधमोहीम. सोबत साधा चार्जर होता, पंधरा अँपिअरच्या सॉकेटला लावायचा. एका हॉटेलवाल्याने आनंदाने गीझरचं सॉकेट दिलं तर चार्जरचा लाल दिवा, अर्थिंग नाही. शेजारच्या घरात तेच. याला घामाच्या धारा, हातात वायरचं भेंडोळं, दारोदार विचारतोय तुमच्याकडे अर्थिंग आहे का, आणि आजी एका ओट्यावर बसून दशम्या सोडतायत. शेवटी एका वेल्डिंगच्या दुकानात चांगलं अर्थिंग मिळालं. तासाला सात-आठ टक्के. तीन तास. वेल्डिंगवाल्याने पोरांना काळा चष्मा लावून ठिणग्या दाखवल्या, चहा दिला, पैसे घेईना. मुलाच्या मते हा ट्रिपचा बेस्ट पार्ट होता. नवरा-बायकोत मात्र तिथे त्या दुकानासमोर जे भांडण झालं त्यात बाथरूममधली आजी, सेलोटेप, सासरेबुवा आणि लग्नातली व्हिडिओ शूटिंग, सगळं निघालं. रात्री साडेनऊला पोचले, दुसऱ्या दिवशी देवळामागच्या डोंगराची प्रदक्षिणा दोघांनी वेगवेगळी घातली. मालगुंडला केशवसुतांचं स्मारक बघायचं होतं ते राहूनच गेलं.

हे घेऊन ती माझ्याकडे आली. तिचं वाक्य होतं, मॅडम, याचं माझ्यापेक्षा मशीनवर जास्त प्रेम आहे.

आता माझी चूक सांगते. अठरा वर्षं हे काम करतेय आणि तरी मी या वाक्याला फशी पडले, कारण असे नवरे एवढे बघितलेत, एक तर माझ्याच घरी आहे, इन्व्हर्टरच्या बॅटरीत डिस्टिल्ड वॉटर घालण्याचा सोहळा दर महिन्याला असतो आमच्याकडे. मी गॅजेटवर उपाय दिला. म्हटलं, पुढच्या वेळी बाहेर जाल तेव्हा चार्जिंगचं ॲप हिच्या फोनमध्ये टाका, तुम्ही फक्त गाडी चालवा, नजर रस्त्यावर आणि माणसांवर. ऐकायला किती छान. ते लोणावळ्याला जाऊन आले आणि आधीपेक्षा जास्त भांडून आले. कारण आता ही दर दहा मिनिटांनी टक्के वाचून दाखवत होती आणि ज्या सुरात वाचत होती त्या सुरात कोणी माझा पगार जरी वाचला तरी मला राग येईल.

तिसऱ्या सेशनला मी दोघांना एकेक कागद दिला. म्हटलं गणपतीपुळ्याचा तो दिवस तासातासाने लिहा, आणि काय घडलं त्याच्यापुढे एवढंच लिहा की तुम्हाला कधी कळलं. मत नको, राग नको, फक्त किती वाजता कळलं. हा प्रकार मी बरेचदा करते, भांडण कशावरून झालं हे लोकांना दहा प्रकारे आठवतं पण कधी कळलं हे बहुतेक एकाच प्रकारे आठवतं.

त्याच्या कागदावर होतं, दीड वाजता, कराड. तिच्या कागदावर पावणेपाच, साखरपा.

मी दोन्ही कागद शेजारी ठेवले. सव्वातीन तास एक माणूस तुमच्या शेजारच्या सीटवर घाबरून बसला होता आणि तुम्हाला माहीत नव्हतं. ती लगेच म्हणाली, शेजारी मी नव्हतेच, मी मागे आईंबरोबर होते, पुढे मुलगी होती. आणि हा पटकन बोलून गेला, हो ना, तिला माहीत होतं.

एकदम शांतता. कराडलाच मुलीने स्क्रीनवरचा आकडा बघून विचारलं होतं, बाबा पुरेल का, आणि याने हळू आवाजात सांगितलं होतं, आईला बोलू नको, उगाच टेन्शन घेईल.

ती रडली नाही, चिडलीही नाही, पर्सची चेन उघडझाप करत बसली. मग म्हणाली, म्हणून ती घाटात उलटी आली म्हणत होती. मी तिला म्हणाले होते नाटकं करू नको.

इथे मी बराच वेळ काढला त्या दिवशी. आईबाबांमधली गोष्ट मुलाला सांभाळायला देणं हे अगदी सज्जन घरांमध्ये रोज होतं, आणि बहुतेक वेळा चांगल्या हेतूनेच होतं. चौदा वर्षांच्या पोरीला बाबाने आपल्यात घेतलं याचं सुरुवातीला भारी वाटतं, नंतर तिला दोन्हीकडे सांभाळून बोलावं लागतं, आणि ते तिला झेपत नाही, मग पोटात दुखतं, उलटी येते, किंवा ती हेडफोन लावून टाकते आणि आपण म्हणतो हल्लीची पिढी. गाडी, चार्जर, टक्के हे सगळं मी त्या दिवशी बाजूला ठेवलं. पहिलं काम एकच दिलं, त्याने मुलीला सांगायचं की मी तुला गप्प रहायला सांगायला नको होतं. सॉरी एवढंच, कारणं द्यायची नाहीत. याला ते एक्सेल शीटपेक्षा खूप जड गेलं, आठवडा लागला.

नंतर मग त्याच्याकडे वळलो. का नाही सांगितलं? दीड वाजता म्हणाला असता की चार्जर बंद आहे, दोन तास लागतील, कृष्णा-कोयनेचा प्रीतिसंगम बघून येऊ, तर काय बिघडलं असतं? तो म्हणाला, ही म्हणाली असती मी म्हटलं होतं.

अल्बर्ट एलिस या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९५५ च्या सुमारास जी पद्धत मांडली, जी आपल्याकडे कि. मो. फडके यांनी रुजवली आणि मराठीत विवेकनिष्ठ मानसोपचार म्हणून ओळखली जाते, तिच्यात साधी ए-बी-सी आहे. ए म्हणजे घडलेली घटना, सी म्हणजे आपल्याला झालेला त्रास आणि आपलं वागणं, आणि मधला बी म्हणजे आपण त्या घटनेबद्दल मनाशी काय धरून बसलोय ते. माणूस म्हणतो ए मुळे सी झालं, चार्जर बंद होता म्हणून मी चिडलो. पण चार्जर तर त्या दोन गाडीवाल्यांनाही बंदच मिळाला होता, ते तिथे भेळ खात होते. याचा बी असा निघाला, की मी सगळ्यांच्या विरोधात जाऊन घेतलेला निर्णय चुकताच कामा नये. एकदा असा ‘कामा नये’ डोक्यात असला की बंद चार्जर हा बंद चार्जर रहात नाही, सासऱ्यांसमोर मांडलेला रिझल्ट होतो, आणि नापासाचा रिझल्ट पोरं काय करतात, लपवतात.

तिचा बी शोधायला जास्त वेळ लागला कारण तिची तक्रार बरोबरच होती आणि बरोबर असलेल्या माणसाला तपासून घ्यायचा कंटाळा असतो. ती धरून बसली होती की याने आपणहून मला विचारायला पाहिजे, विचारलं नाही म्हणजे माझी किंमत नाही. त्यातला पहिला अर्धा भाग रास्त आहे, मी तसं सांगितलंही तिला. दुसऱ्या अर्ध्यावर आम्ही तीन सेशन घासाघीस केली. शिवाय दशम्या, औषधं, पोरांचे कपडे, आजींची उशी याचं तिच्या डोक्यात जे शीट होतं ते कोणी कधी बघितलंच नव्हतं, त्यात गडबड झाली की तीही लपवायचीच. गणपतीपुळ्याला आजींची बीपीची गोळी विसरली होती, तिने गुपचूप मेडिकलमधून आणली, नवऱ्याला माझ्यासमोर कळलं.

दोघांनी मिळून जो करार केला तो असा की काहीही बिघडलं की ज्याला आधी कळेल त्याने पाच मिनिटांत मोठ्याने सांगायचं, मागच्या सीटवरच्या आजींनाही ऐकू जाईल असं, आणि ऐकणाऱ्याने त्यावर काहीही म्हणावं, शिवी दिली तरी चालेल, फक्त ‘मी म्हटलं होतं’ हे तीन शब्द ट्रिप संपेपर्यंत नाहीत. तिने अट घातली की ट्रिप संपल्यावर म्हणता येईल. तो हो म्हणाला. मला हे फारसं पटलं नव्हतं पण करार त्यांचा होता.

पावसाळ्यानंतर ते मेणवलीला गेले, वाईच्या पलीकडे, नाना फडणवीसांचा वाडा आणि कृष्णेचा घाट. पुण्याहून शंभर किलोमीटरच्या आत, म्हणजे जाऊन येऊन चार्जिंगचा प्रश्नच नाही, ते मीच सुचवलं होतं. वसईच्या मोहिमेतून आलेली म्हणतात ती पोर्तुगीज घंटा बघून झाली, घाटावर पाय बुडवून झाले, पोरं गाडीत लाईट-म्युझिक लावून बसली होती, आणि निघायच्या वेळी गाडी बंद. म्हणजे पूर्ण बंद, डॅशबोर्ड काळा. मोठ्या बॅटरीत साठच्या वर टक्के, पण या गाड्यांना एक साधी बारा व्होल्टची छोटी बॅटरी पण असते, लाईट, लॉक, कॉम्प्युटर तिच्यावर चालतात आणि ती बसली की मोठी जागीच होत नाही. (उपमा द्यायचा जाम मोह होतोय, आवरते.)

त्याने मोठ्याने सांगितलं, छोटी बॅटरी गेलीय, मला वाटलं होतं बदलायला हवी, मी टाळलं. तिने दोन मिनिटं जे बोलायचं ते बोलून घेतलं. मुलगी म्हणाली, आई तीन शब्द नको हं. मग ती स्वतःच रस्त्यावर गेली आणि एक भाजीचा टेम्पो थांबवून आणला, त्याच्याकडे जंपर केबल होती.

टेम्पोवाला बॉनेट उघडून बघत म्हणाला, ताई, बॅटरीच्या गाडीला अजून बॅटरी कशाला? नवऱ्याने समजवायला तोंड उघडलं तर ही म्हणाली थांब, मी सांगते. आणि तिने सांगितलं, हातवारे करून, पाच मिनिटं. त्यातलं निम्मं चुकीचं होतं, असं त्याने मला नंतर सांगितलं. तिच्यासमोरच सांगितलं, पण तिथे घाटावर मधे बोलला नव्हता.