मिरजेला नंबर लागेल का?

"मॅडम, अठरा टक्के म्हंजे कमी का जास्त?"

तासगावकडचे एक द्राक्षबागायतदार मोबाइल माझ्यापुढे धरून विचारत होते. जून २०२५ चा तिसरा आठवडा, मेडिकल प्रवेशाच्या 'नीट' परीक्षेचा निकाल लागून चार-पाच दिवस झालेले. कुठल्याशा ॲपमध्ये मुलीचे गुण भरले की प्रत्येक कॉलेजपुढे टक्के उमटत होते, लाल, पिवळे, हिरवे. मिरजेच्या सरकारी मेडिकल कॉलेजपुढे लाल अक्षरांत १८. मुलगी शेजारी बसली होती, ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत. आई थोडी मागे, पिशवी मांडीवर घेऊन.

प्रवेशाचा सल्ला घ्यायला या दिवसांत सांगलीत विश्रामबागेतल्या माझ्या खोलीत जो येतो तो हाच प्रश्न घेऊन येतो. नंबर लागेल का? एवढ्या मार्कांवर कुठं मिळेल? किती टक्के चान्स? उत्तर एका आकड्यात हवं असतं, आणि आकडा सांगणारे ढीगभर आहेत. मीही एकदा सांगितला होता. ते आधी लिहिते. (या लेखातल्या दोन्ही घरांची ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. मुलीचा प्रवर्ग आणि नेमके गुणही देत नाही.)

मे २०२४ ची गोष्ट. परीक्षा ५ मे रोजी झाली होती आणि महिनाअखेरीस तात्पुरती उत्तरसूची आली होती. एका मुलानं गुण मोजले, ६१२ भरले. मी २०२३ च्या याद्या काढल्या. तेवढ्या गुणांची मुलं सरकारी कॉलेजांत आरामात दिसत होती. "निश्चिंत राहा," मी म्हणाले. त्याच्या वडिलांनी त्याच संध्याकाळी पेढे आणून दिले. ४ जूनला निकाल आला, तेव्हा गुण बरोबर ६१२ होते आणि रँक मी मनात धरली होती तिच्या दुपटीहून मागे. त्या वर्षी सगळ्यांचेच गुण फुगले होते. ७२० पैकी ७२० मिळवणारे आधी ६७ होते, जुलैतल्या सुधारित निकालातही १७ उरले. त्या मुलाला खुल्या जागेवर सरकारी एमबीबीएस मिळालं नाही. तो आता बीएएमएस, म्हणजे आयुर्वेदाची पदवी, करतो. त्याच्या वडिलांचा पुन्हा कधी फोन आला नाही, आणि मीही केला नाही. खरं तर करायला हवा होता.

पेपर कसा येईल हे मला कळणं शक्य नव्हतं, ती माझी चूक नाही. मी एका वर्षाचे गुण दुसऱ्या वर्षाच्या यादीवर ठेवले, ती माझी चूक.

आता समोर बसलेलं घर नेमकी तीच चूक उलट्या बाजूनं करत होतं. मुलीला पाचशेच्या थोडे पुढे गुण होते. वडील म्हणाले, "आमच्या गल्लीतल्या पोराला गेल्या साली सहाशेच्या वर हुते, तरी काय हाताला लागलं न्हाई. हिला पाचशे. मग संपलंच की." लातूरच्या रिपीटर बॅचची चौकशी करून, पैशांची जुळवाजुळव करूनच ते आले होते. मुलीला घेऊन माझ्याकडे येणं म्हणजे त्यांच्या लेखी शेवटचा शिक्का मारून घेणं होतं.

मी विचारलं, "दादा, बेदाणा करता का तुम्ही?"

"करतो की. थोडा."

"मग गेल्या वर्षीच्या दरावर यंदाचा हिशोब धरता का?"

ते हसले. "तसं धरलं तर बाग विकावी लागंल. आवक किती, मागल्या सालचा माल स्टोरेजला किती पडलाय, सौद्याला व्यापारी किती, सगळं बघाय लागतंय."

"मग गुणांचंही तसंच धरा. पाचशे हा दर झाला. आवक बघू."

२०२५ चा पेपर, त्यातही भौतिकशास्त्र, किती अवघड होता हे मुलीला विचारायची गरज नव्हती. देशात पहिल्या आलेल्या मुलाला ६८६ गुण होते. आदल्या वर्षी ७२० ला सतराजण होते, हे शेजारी लिहिलं की पुढचं आपोआप कळतं. २०२४ मध्ये सहाशेच्या वर गुण घेऊन जो रांगेत मागे राहिला, त्याच्यापेक्षा २०२५ मध्ये पाचशे घेतलेली मुलगी पुढे उभी असू शकते. आणि ती होती. मी तिची अखिल भारतीय रँक आणि गल्लीतल्या त्या मुलाची रँक कागदावर एकाखाली एक लिहिली. वडिलांनी चष्मा काढून, पुसून, पुन्हा लावला. मुलीनं ओढणी सोडली.

म्हणून माझ्याकडे येणाऱ्यांना मी पहिलं हेच सांगते, की गुण घरी ठेवा, रँक घेऊन या. आपल्या राज्यातले प्रवेश बघणारा सीईटी कक्ष गुणवत्ता यादी लावतो, तेव्हा त्यातला राज्याचा क्रमांकही घेऊन या. मागच्या वर्षाशी तुलना करायची तर याच क्रमांकाची. तीही डोळे मिटून नाही. २०२४ मध्ये एसईबीसीचं, म्हणजे मराठा समाजासाठीचं, १० टक्के आरक्षण आलं आणि आधी ईडब्ल्यूएसमधून, म्हणजे आर्थिकदृष्ट्या दुर्बल गटातून, जाणारी बरीच मुलं तिकडे सरकली, म्हणजे २०२३ ची ईडब्ल्यूएसची यादी तेव्हापासून जवळजवळ निकामी. त्याच वर्षी राज्यात दहा नवी सरकारी मेडिकल कॉलेजं सुरू झाली, सगळी मिळून ९०० जागा. जागा वाढल्या की शेवटचा क्रमांकही मागे सरकतो. ॲपला यातलं काय ठाऊक असतं, देव जाणे. अठरा हा आकडा कुठून आला हे ते सांगत नाही. सतरा का नाही?

"ते समजलं," वडील म्हणाले. "पण मिरज?"

मिरज म्हणजे आमच्या जिल्ह्याला दवाखान्यांचं गाव. आजीच्या मोतीबिंदूपासून पुतण्याच्या मोडलेल्या हातापर्यंत सगळं मिरजेलाच जातं. तिथलं सरकारी कॉलेज १९६२ चं. लेक डॉक्टर होणार तर मिरजेला, रोज संध्याकाळी घरी, हे चित्र या घरानं दहावीपासून रंगवलेलं. शिवाय त्यांच्या डोक्यात पक्कं होतं की आपल्या जिल्ह्यातलं कॉलेज म्हणजे आपल्या पोरांना काहीतरी झुकतं माप असणार.

कागद उलटा करून मी आकडे मांडले. एमबीबीएसच्या जागा २००. त्यातल्या १५ टक्के, म्हणजे ३०, अखिल भारतीय कोट्यात जातात आणि दिल्लीच्या समितीकडून भरल्या जातात. राहिल्या १७०. राज्यातली सगळी आरक्षणं वजा केली की साधारण ३० टक्के खुल्या उरतात, म्हणजे पन्नास-एक्कावन्न. त्या खुल्या जागांवर गुणवत्तेनं कुणीही येऊ शकतो, कुठल्याही प्रवर्गाचा. आणि जिल्ह्याचं झुकतं माप? पूर्वी राज्यात सत्तर-तीसची पद्धत होती. विदर्भ, मराठवाडा आणि उरलेला महाराष्ट्र असे भाग होते आणि आपल्या भागातल्या मुलांना तिथल्या ७० टक्के जागा. ती २०२० मध्ये रद्द झाली. आता लातूरच्या, नांदेडच्या पोरांनाही मिरज तितकंच जवळचं.

वडिलांचा चेहरा पडला. मी म्हणाले, "मिरजेचं मला विचाराल तर नाही. अठरा टक्केही म्हणत नाही. हिचा क्रमांक आणि तिथे गेल्या वर्षी शेवटचा लागलेला क्रमांक यांत फार अंतर आहे."

मी टक्के सांगत नाही. माझ्याकडे तीनच उत्तरं असतात. लागेल, काठावर आहे, लागणार नाही. "काठावर" म्हणताना पोटात गोळा येतो, पण काही क्रमांक खरंच काठावरचे असतात आणि तिथे कुणाचंच शास्त्र चालत नाही. दिल्लीच्या फेरीत किती जणांना कुठे मिळालं, त्यातल्या कितींनी इथली जागा सोडली, कुणी कागदपत्रात अडकलं, यावर शेवटचा क्रमांक चार पावलं पुढे-मागे होतो. म्हणून तर पहिल्या फेरीची यादी बघून रडायचं नसतं.

"मिरज नाही. पण सरकारी एमबीबीएस कुठेतरी? तर काठावर आहे, आणि मला वाटतं काठाच्या आतल्या बाजूला. अट एकच, यादी लांब पाहिजे."

त्यांनी शर्टाच्या खिशातून छोटी डायरी काढली. घरी ठरवलेली यादी त्यात होती: मिरज, कोल्हापूर, सातारा, सोलापूर, पुणे. पाच नावं. मी खाली लिहीत गेले, हिंगोली, जालना, वाशीम, बुलढाणा, भंडारा, गडचिरोली...

"वाशीम कुठं आलं हो?"

"अकोल्याच्या खाली."

"एवढ्या लांब पोरीला..." ते आईकडे वळले. आई तोपर्यंत एक शब्द बोलली नव्हती. तिनं विचारलं, "तिकडं मेसला भाकरी मिळती का?"

मला खरंच माहीत नव्हतं. तसं सांगितलं.

याच मुद्द्यावर आम्ही सगळ्यात जास्त वेळ घालवला. पाच कॉलेजांच्या यादीत तिची शक्यता नाहीच्या जवळ होती आणि तीसच्या यादीत बरी होती. मुलगी तीच, रँकही तीच. ज्या निर्णयानं सत्तर-तीसचं कुंपण गेलं आणि मिरज अवघड झालं, त्याच निर्णयानं विदर्भाचं फाटकही उघडलं होतं. आपण फक्त अर्ध्याच बातमीवर हळहळत होतो.

वडील मग दुसऱ्या टोकाला गेले. "मग वाशीमच वर टाकू की. म्हंजे पक्कं."

हे अगदी सगळे करतात. लागेलसं वाटतं ते वर, आवडतं ते खाली, कारण वरचं आवडतं भरलं तर खालचं हातचं जाईल अशी भीती. तसं होत नाही. संगणक तुमचा क्रमांक आला की तुमची यादी वरून वाचतो आणि जिथे पहिल्यांदा जागा शिल्लक दिसेल तिथे थांबतो. मिरज वर लिहिल्यानं वाशीम हुकत नाही. पण वाशीम वर लिहिलं आणि त्या दिवशी सोलापूरला तिच्या क्रमांकापर्यंत जागा होती, तर सोलापूर हातानं घालवलं. आवडीप्रमाणे लावायचं, आणि जिथे मेलं तरी जाणार नाही ते लिहायचंच नाही, कारण पुढच्या फेऱ्यांत मिळालेली जागा नाकारणं महागात पडतं.

हे सांगून झाल्यावर मी पेन्सिल मुलीकडे दिली. इतका वेळ यादी तिघं मोठी माणसंच लावत होतो. ती पाच मिनिटं कागदावर वाकून बसली. मिरज पहिलं ठेवलं. खाली वर-खाली बाण काढले. मग एका खाजगी कॉलेजच्या नावावर, जे वडिलांनी "असू दे, वेळ पडली तर" म्हणून घातलं होतं, सरळ रेघ ओढली. "पप्पा, वर्षाचे दहा-बारा लाख कुठनं आणायचे? एकर विकून?" वडील खिडकीकडे बघत राहिले. सरकारीची फी त्याच्या पुढे काहीच नाही, हे तिनं आधीच बघून ठेवलं होतं.

जाताना मी तीन गोष्टी लिहून दिल्या: डोमिसाइल, प्रवर्गाचे दाखले त्यांच्या मुदतींसह आणि पडताळणीची पावती. चांगल्या क्रमांकाची मुलं दाखल्यावरून गेलेली मी पाहिलीत, त्यावर वेगळं लिहायला हवं. रिपीटचं काय, हेही त्यांनी दारात विचारलं. शेवटची फेरी होईपर्यंत पैसे भरू नका, एवढंच म्हणाले. देशात त्या वर्षी १२ लाख ३६ हजार मुलं "पात्र" ठरली होती आणि एमबीबीएसच्या जागा सगळ्या धरून सव्वा लाखाच्या आसपास. पात्र या शब्दावर भाळून पुन्हा बसणाऱ्यांना मी हा हिशोब दाखवते, पण या मुलीला त्याची गरज नव्हती.

पहिल्या फेरीत काही लागलं नाही. वडिलांचा फोन आला, आवाज बारीक. दुसऱ्या फेरीतही नाही. तेव्हा फोन आला नाही, मीच केला, आणि खरं सांगते, करताना २०२४ चे पेढे आठवत होते. तिसऱ्या फेरीत तिला विदर्भातलं एक नवं सरकारी कॉलेज मिळालं. वडील तेव्हा बागेत छाटणीवर होते, मागे ट्रॅक्टरचा आवाज. "मॅडम, सांगलीतनं महाराष्ट्र एक्स्प्रेस धरली की अकोल्याला उतरायचं, बघून ठिवलंय म्या."

पेढे त्यांनी आणले नाहीत. मीच सांगून ठेवलं होतं, प्रवेशाची पावती हातात पडेपर्यंत काही आणू नका. पावती दाखवायला आले तेव्हा किलोभर बेदाणा दिला, हिरवा, लांब दाण्याचा.

पुढे सुट्टीत मुलगी भेटून गेली. हाडांची नावं पाठ करून डोकं दुखतंय म्हणाली. मी मेसबद्दल विचारलं.

"भाकरी रविवारी असते. पण ज्वारी तिकडची, आईला आवडायची नाही."