साडेसात महिन्यांची पोरगी आणि बाथरूममधला वजनकाटा

"मॅडम, समोरच्या फ्लॅटमधला मुलगा हिच्याच वयाचा, नऊ किलोचा झाला आणि आमचं वजन उलट घटतंय."

ऐरोलीहून आलेली आई, पहिलं बाळ, सोबत सासूबाई. (ओळख पटू नये म्हणून बाकीचे तपशील थोडे बदललेत.) दीड महिन्यापूर्वी डॉक्टरांकडे 6.2 किलो भरलं होतं आणि काल 6, त्यामुळे बिचारी रात्रभर झोपली नव्हती आणि पोरगी मात्र मांडीवर उभी राहून माझ्या चष्म्याची दोरी ओढत होती.

काल वजन कुठे केलंस विचारलं तर घरी, बाथरूममधल्या काट्यावर, आधी स्वतःचं मग बाळाला घेऊन, आणि वजाबाकी. अगं तो सुईवाला काटा, अर्धा किलो इकडेतिकडे सहज दाखवतो! मी कपडे काढले, डायपरपण काढला, ओला असला की त्याचंच वजन भरतं, आणि बाळांच्या काट्यावर ठेवलं. 6.6.

मग माता-बाल संरक्षण कार्ड मागितलं. पिशवीच्या तळाशी होतं, चुरगळलेलं. लसीच्या तारखांजवळ वजनं लिहिलेली पण ग्राफचं पान कोरं, बहुतेक घरांत तसंच असतं. आम्ही दोघींनी बसून टिंबं लावली. जन्माचं 2.6, दीड महिन्याला 3.8, साडेतीनला साधारण 5.2, सहाला 6.2, आता 6.6. रेघ ग्राफवर छापलेल्या मधल्या, म्हणजे साधारण मधल्या वजनाच्या, रेषेच्या खाली पण तिला जवळजवळ समांतर चाललीय, जन्मालाच ती खाली होती ना. समोरचा मुलगा आहे, मुलग्यांचा तक्ता मुलींपेक्षा वेगळा, तो नऊ किलोचा आहे तर असू दे. लांबीपण बघितली, झोपवून, पाय सरळ धरून, साडेपासष्ट सेंटीमीटर, तीही ठीक. (भिंतीला उभं धरून टेपने मोजू नका, दोन वर्षांपर्यंत झोपवूनच मोजायचं असतं.)

वजन वाढायचा वेग सहा महिन्यांनंतर तसाही मंदावतो. पहिल्या तीन महिन्यांत रोज साधारण 25-30 ग्रॅम, आता दहाबारा. हे कोणी सांगत नाही आणि मग दूध कमी पडतंय म्हणून बाटली सुरू होते. रेघ आडवी झाली, खाली वळली, बाळ मलूल वाटतंय, शू कमी होतेय, तर मात्र माझ्याकडे नको, थेट डॉक्टर.

एक गोष्ट मला खटकली. खायला काय देता? सासूबाई कौतुकाने म्हणाल्या, डाळीचं पाणी, पेज आणि गाजराचं सूप. काकू, म्हटलं, डाळ खाली राहते आणि पाणी बाळाच्या पोटात जातं. पोट केवढंसं तिचं, ते पाण्याने भरलं तर दूधपण पीत नाही. त्यापेक्षा वरणभात, मऊ खिचडी, कुस्करून, वर तूप, आणि एवढं घट्ट की चमचा तिरका केला तरी सांडू नये. दिवसातून दोनतीनदा, आणि अंगावरचं दूध चालूच. काकूंना आधी पटलं नाही, "आमची मुलं पेजेवरच वाढली," म्हणाल्या. वाद नाही घातला. वाटीत खिचडी कालवून चमचा तिरका करून दाखवला.

महिन्याने आल्या तेव्हा 6.9. टिंब काकूंनीच लावलं, जरा जास्तच जाड.